2147483647 : या आकड्यात एवढं काय आहे?

स्क्रीनवरचा आकडा जरा नीट बघा. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. वाटतं कोणीतरी उगाच बटणं दाबलीत, पण हा आहे 2 चा 31 वा घात वजा 1, आणि तो मूळ संख्या आहे, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही.

हे 1772 साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं, तेही नजर जवळजवळ गेलेली असताना. सरधोपट मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे 46340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, आणि त्या भरतात 4792, कोण करत बसणार एवढं! ऑयलरने आधी चाळणी लावली. या आकड्याला मूळ भाजक असलाच तर त्या भाजकाला 62 ने भागून बाकी 1 उरायला हवी, शिवाय 8 ने भागून 1 किंवा 7. दोन्हीतून सुटणारी पहिलीच मूळ संख्या थेट 311. आता 311 गुणिले 6905092 झाले 2147483612, बाकी 35, म्हणजे 311 बाद. पुढे 373, ही 62 ला पास होते पण 8 ने भागल्यावर बाकी 5 येते, त्यामुळे तिचा भागाकार करायचीसुद्धा गरज नाही. असं करत 4792 चे उरतात साधारण ऐंशी! मला तर मूळ निकालापेक्षा ही युक्तीच जास्त भारी वाटते.

2 च्या घातातून 1 वजा करून येणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन म्हणतात, त्यात हिचा नंबर आठवा. वर घातांक 31 स्वतःच मर्सेन, म्हणून ही डबल मर्सेन. अशा आजवर चारच माहीत आहेत: 7, 127, ही, आणि एक 39 अंकी.

हिला 2 च्या 30 व्या घाताने गुणलं की 2305843008139952128 ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच. 1811 मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधायच्या फंदात पडणार नाही, कारण या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काही नाही. पुढे लोक शोधतच राहिले, अजूनही शोधतायत.

आणि उपयोगाचं म्हणाल तर बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या फक्त 0 आणि 1 वापरणाऱ्या पद्धतीत, हा आकडा म्हणजे सलग 31 एक. 32 बिटच्या जागेत (एक बिट म्हणजे एका 0 किंवा 1 चा खण) एक बिट अधिक-उणे चिन्हाला गेला की मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच, त्यात 1 मिळवला की डायरेक्ट उणे 2147483648. बरेच जुने कॉम्प्युटर 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद याच जागेत मोजतात, ती जागा 19 जानेवारी 2038 ला भरते, आणि पुढच्या सेकंदाला त्यांच्यासाठी तारीख असेल 13 डिसेंबर 1901. उपाय सोपा आहे, 64 बिट वापरा, फक्त ते जुनं सॉफ्टवेअर कुठेकुठे चालूय ते आधी शोधावं लागतं.