खाटांच्या हिशेबात न मावणारे काम

सकाळी वॉर्डमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी आहारतज्ज्ञाच्या हाती एक यादी येते. रात्रीतून दाखल झालेले रुग्ण, नळीवाटे अन्न सुरू असलेले रुग्ण, आज घरी जाणारे रुग्ण, अशी सगळी नावे तिच्यात असतात. यादीतल्या प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळेल असा दिवस क्वचितच उगवतो. त्यामुळे दिवसाचा पहिला निर्णय हा आज कोणाला भेटायचे नाही, याचा असतो.

रुग्णालयात दाखल असतानाच माणसे कुपोषित होतात, याकडे अमेरिकी डॉक्टर चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ मध्ये लक्ष वेधले. आजारपणात भूक मंदावते, तपासण्यांसाठी उपाशी ठेवले जाते, संसर्गामुळे स्नायूंची झीज वाढते आणि अर्धवट राहिलेले ताट कोणतीही नोंद न होता उचलले जाते. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत दाखल प्रौढ रुग्णांपैकी साधारण २० ते ५० टक्के रुग्ण कुपोषित किंवा त्या धोक्यात असल्याचे दिसले. यावर उपाय होऊ शकतो, याचा भक्कम पुरावा २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधून आला. तिथल्या आठ रुग्णालयांतील २,०८८ रुग्णांच्या चाचणीत, आहारतज्ज्ञांच्या साहाय्याने प्रत्येकाची स्वतंत्र आहारयोजना आखलेल्या गटात ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, तर नेहमीचे जेवण मिळालेल्या गटात सुमारे १० टक्के.

स्वतंत्र योजना म्हणजे छापील तक्ता हातात देणे नव्हे. गेल्या काही महिन्यांत वजन किती घटले, स्नायू कुठे झिजले, गिळता येते का, मूत्रपिंड कितपत साथ देते, कोणती औषधे सुरू आहेत, हे पाहून ऊर्जा आणि प्रथिनांचा हिशेब मांडावा लागतो. मग डॉक्टर, परिचारिका आणि स्वयंपाकघर या तिघांशी बोलून तो अमलात आणावा लागतो. शिवाय एका भेटीत काम संपत नाही. दीर्घकाळ उपासमार झालेल्या रुग्णाला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने घसरून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून अन्न थोडे-थोडे वाढवायचे, रक्ततपासणी वारंवार पाहायची आणि योजना त्यानुसार बदलायची. अशा एका रुग्णाला लागणारा वेळ किरकोळ शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत घरी जाणाऱ्या पाच जणांपेक्षा जास्त असू शकतो.

तरीही पदे मंजूर करताना बहुतेकदा एकूण खाटा मोजल्या जातात. ब्रिटनमधील अतिदक्षता सेवांच्या मार्गदर्शक सूचना एका खाटेमागे ०.०५ ते ०.१ पूर्णवेळ आहारतज्ज्ञ, म्हणजे २० खाटांमागे एक ते दोन जण असावेत, असे सांगतात. हे प्रमाण अतिदक्षता विभागापुरते आहे. अस्थिरोग वॉर्डाला ते जसेच्या तसे लावणे जितके चुकीचे, तितकेच अस्थिरोग वॉर्डाचे प्रमाण भाजलेल्या किंवा डायलिसिसवरील रुग्णांच्या विभागाला लावणेही चुकीचे. बाह्यरुग्ण विभाग, स्वयंपाकघराची देखरेख, विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण आणि लेखी नोंदी यांना तर खाटच नसते, त्यामुळे त्यांचे तास या हिशेबात येतच नाहीत.

अनेक ठिकाणी दाखल होतानाच परिचारिका ठरावीक प्रश्न विचारून कुपोषणाचा धोका ओळखतात. पद्धत उत्तमच आहे. पण चाळणी बारीक केली आणि आहारतज्ज्ञ तेवढेच ठेवले, तर वाढते ती फक्त यादी. आणि ही टंचाई सहज डोळ्यांत भरत नाही. शस्त्रक्रिया रद्द झाली तर तिची नोंद होते, न झालेल्या आहारभेटीची होत नाही. जखम उशिरा भरली, मुक्काम चार दिवसांनी लांबला, तर त्याचे खापर आजारावर फुटते. मागणी केल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती तास गेले, ठरलेल्या किती फेरभेटी राहिल्या आणि एकमेव आहारतज्ज्ञ रजेवर असताना नळीवाटे दिल्या जाणाऱ्या अन्नाची मात्रा कोणी बदलली, या तीन गोष्टी नियमित नोंदवल्या, तर पदे वाढवण्याच्या मागणीला व्यवस्थापनापुढे निदान कागदोपत्री आधार मिळतो.