मडक्याला कान लावून

नमस्कार, श्रोतेहो.

सध्या काजूचा हंगाम आहे. गोव्यात सत्तरीत, पेडण्यात, सांगेच्या बाजूला कुठेही डोंगरवाटेने निघालात, तर पिकल्या बोंडांचा गोड-आंबूस वास आधी नाकात शिरतो आणि मग भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, दिसते. माझं आजोळ सत्तरीतलं. मे महिन्यात आम्ही मुलं तिथंच पडीक असायचो. मामा कोळंबीत, म्हणजे बोंडं तुडवायच्या कुंडात, ती तुडवून रस काढायचे आणि मातीच्या मडक्यांत भरून ठेवायचे. त्यात वरून काही घालायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मडक्याच्या तोंडाशी फेस यायचा. मामा मला जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, "कान लाव."

आत बारीक तडतड चाललेली असायची, कौलांवर लांबून पाऊस येतो तशी. आणि मडकं कोमट लागायचं. चुलीवर नाही, उन्हात नाही, तरीही कोमट.

मामांच्या लेखी रस 'चढत' होता. पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो, तेव्हा आत काय चालायचं ते कळलं. बोंडाच्या सालीवर यीस्ट असतं. रसात पडल्यावर ते साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तडतड त्या वायूची, आणि ऊब त्या कोट्यवधी जिवांच्या पचनाची. आंबणं ही जिवंत पेशींची करणी आहे, हे लुई पाश्चरने १८५७ पासून एकामागून एक प्रयोगांतून दाखवून दिलं. आपल्या पोदेरांना, म्हणजे पाव भाजणाऱ्यांना, ते नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण माडाची सूर घातल्यावर पाव फुगतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांचंही तेच.

मी नंतर कित्येक वर्षं एका औषध कारखान्यात फर्मेंटरवर काम केलं. पहिल्या दिवशी ती स्टीलची टाकी बघून छाती दडपली. दोन मजले उंच, आत रवीसारखी फिरणारी पाती, भोवती थंड पाण्याच्या नळ्या. त्या नळ्या कशाला, असं मी विचारलं. वरिष्ठ म्हणाले, "आतला माल तापतो ना." मला मामांचं मडकं आठवलं. मडक्याची ऊब मातीतून बाहेर निघून जाते. हजारो लिटरच्या टाकीची निघत नाही. ती काढली नाही तर सूक्ष्मजीव स्वतःच्याच उष्णतेने मरतात.

काम सुरू होतं ते करंगळीएवढ्या कुपीपासून. तिच्यात सूक्ष्मजीवांचं निवडलेलं वाण गोठवून ठेवलेलं असतं. भाताचं बियाणं आपण जपतो तसंच, फक्त उणे ऐंशी अंशांवर. कुपीतलं वाण काचेच्या चंबूत वाढवायचं, चंबूतलं छोट्या टाकीत, तिथून मोठ्या टाकीत. आपण दुधाला विरजण लावतो तीच ही रीत. वाढ किती झपाट्याची, त्याचा एक हिशेब सांगतो. काही जिवाणू चांगलं खाद्य मिळालं की वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे दहा तासांत तीस वेळा दुप्पट. संध्याकाळी एक असेल, तर पहाटेपर्यंत शंभर कोटींच्या वर.

हा हिशेब आपल्या वाणाला लागू आहे, तसाच चोरपावलांनी आत शिरलेल्या परक्यालाही. म्हणून कारखान्यातलं बहुतेक काम राखणीचं असतं. टाकी, नळ्या, आतलं खाद्य, सगळं १२१ अंशांच्या वाफेवर निर्जंतुक करायचं. आत सोडायची हवासुद्धा गाळून घ्यायची. एकदा पहाटेच्या पाळीला मी नमुना काढला आणि वासावरूनच पोटात गोळा आला. रोजचा मातकट वास नव्हता, आंबट वास होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर आमच्या बुरशीच्या धाग्यांमधून आखूड काड्यांसारखे जिवाणू वळवळत होते. पाच दिवसांची मेहनत गेली. शोध घेता घेता एका व्हॉल्व्हची झिजलेली रबरी चकती सापडली. तिच्या फटीत वाफ पोचत नव्हती. ती चकती बदला, असं आम्ही दोनदा लिहून दिलं होतं. सगळा माल मारून नाल्यात सोडताना आमच्यातलं कुणी बोललं नाही. ती टाकी औषधाची होती, आणि ते औषध कुणाच्या तरी उशाशी पोचायचं होतं.

ही राखण माणसाला महागात पडून शिकावी लागली. पेनिसिलिनची बुरशी अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मध्ये दिसली, पण औषध म्हणून ती हाती यायला बारा-तेरा वर्षं लागली. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून त्याच्या अंगभर विष पसरलं होतं. तो सुधारू लागला. पण औषधच इतकं थोडं, की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा त्यालाच देत होते. शेवटी साठा संपला आणि तो गेला. औषध लागू पडत होतं, फक्त ते पुरेसं नव्हतं. त्या माणसाची आठवण मला अजून अस्वस्थ करते.

अडचण अशी होती, की ही बुरशी भांड्यात सायीसारखी वर वाढायची. भांडी किती मांडणार? मग अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेत तिला टाकीत बुडवून वाढवायची खटपट सुरू झाली. मक्याचा स्टार्च काढल्यावर जे पाणी उरतं, ते तिला खाऊ घातलं. जास्त पीक देणारं वाण मिळालं तेही बाजारातल्या सडक्या खरबुजावर. पण बुडालेल्या बुरशीला श्वास हवा. म्हणून खालून गाळलेली हवा सोडायची आणि पात्यांनी घुसळत राहायचं. मार्च १९४४ मध्ये ब्रुकलिनला एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात अशा मोठ्या टाक्या सुरू झाल्या. ते काम फायझर कंपनीने केलं. बुरशीपासून सायट्रिक आम्ल काढायचा कित्येक वर्षांचा सराव तिच्या हाताशी होता.

दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी उभी राहिली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. आमचे एक काका पुण्याला नोकरीला होते. पिंपरीचं नाव ते आपल्या घरचं कुणी परीक्षेत पहिलं आल्यासारखं घ्यायचे.

आणि इन्सुलिन. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा जनुक ई. कोलाय जिवाणूत घातला आणि १९८२ मध्ये ते औषध बाजारात यायला मान्यता मिळाली. आतड्यात राहणारा साधा जिवाणू माणसाचं संप्रेरक बनवू लागला. माझ्या आईला रोज इन्सुलिन लागतं. आमच्या फ्रिजच्या दारात तिची कुपी असते आणि शेजारच्या फळीवर दह्याचं भांडं. मला ती दोन्ही एकाच घरची वाटतात.

मला मनापासून वाटतं, की आपल्याकडच्या मुलांनी ही वाणं आपल्या आसपासही शोधावीत. आगरवाड्याच्या, रायबंदरच्या मिठागरांत एप्रिलमध्ये पाणी आटत आलं की कधी कधी गुलाबी झाक दिसते. ते मिठातच जगणारे सूक्ष्मजीव. इतक्या खाऱ्या पाण्यात इतर जिवांचे एन्झाइम निकामी होतात, त्यांचे चालू राहतात. गोवा विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर काम केलं आहे. पण मिठागरं एकेक करून बुजत चालली आहेत, आणि आगर बुजलं की त्यातलं वाणही जातं. ते कुठल्या कुपीत गोठवलेलं नसतं.

टाकीवर काम करताना एक क्षण मला फार आवडायचा. बॅच भरात असताना आतला प्राणवायू सारखा कमी पडत असतो, कारण सगळे एकदम श्वास घेत असतात. आणि मग केव्हा तरी रात्री प्राणवायूचा काटा एकाएकी वर चढतो. साखर संपलेली असते, खाणारे थांबलेले असतात. अशाच एका रात्री माझ्या सोबतच्या नव्या मुलाने विचारलं, "सर, काटा बिघडला का?" मी म्हटलं, "नाही रे, निवला."

हा शब्द मामांचा. तिसऱ्या दिवशी ते मडक्याला कान लावायचे, थोडा वेळ तसेच उकिडवे बसायचे, आणि तडतड थांबली असली की उठून म्हणायचे, "निवला. भाटी पेटवा."

नमस्कार.