वास आधी गेला

(दृश्य: निपाणी, पहाट. वखारींची रांग.)

निपाणीत गाडीतून उतरलं की गाव आधी नाकाला कळतं. पाहुण्याला ठसका लागतो, गावकऱ्याला त्याचं काही नाही. म्हणून मावशींना जर्द्याचा वास येईनासा झाला तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. जन्म याच कामात गेला, नाक मेलं असेल.

(जवळून: सूप, कातर, हात.)

हे हात सुनेचे. भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर कापायचं. चिमूटभर जर्दा, अंगठ्यांखाली एक गुंडाळी, दोरा, तोंड मोडलं की विडी झाली. 25 विड्यांचा कट्टा. नजर टीव्हीवरच असते. चिमूट केवढी आणि गुंडाळी किती घट्ट, हे बोटं आपसांत ठरवतात.

मावशींनी हे चाळीस वर्षं केलं. मग विड्या बारीक होऊ लागल्या. त्यांच्या बोटांना त्या भरलेल्याच लागायच्या, पण कारखान्यात त्या छाटीत पडायच्या. कंप नंतर आला, आणि दवाखाना कंपानंतर. आजार पार्किन्सनचा निघाला.

(चित्र: जुन्या पुस्तकाचं पान.)

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, त्यात ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं लिहिलं. नजर बारीक होती त्यांची, पण इथं ती चुकली. हालचालीला लागणारं डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरत जातात, त्यानं कंप आणि ताठरपणा येतो. वास मात्र बहुतेकांचा त्याच्या कितीतरी वर्षं आधी मंदावलेला असतो. हाताची हालचाल असते त्याहून मोठी भासते. अक्षर बारीक होतं, आवाज खाली जातो, आणि ज्याचं त्याला कळत नाही. विडीचंही तेच झालं असणार.

(बेळगाव. तपासणी. डोळे मिटलेले.)

डॉक्टर मावशींचं बोट हलवतात. वर का खाली?

(महामार्ग, खिडकीतून.)

1981 साली तंबाखूला भाव मागत शेतकरी याच पुणे–बंगळुरू रस्त्यावर ठाण मांडून बसले होते. त्याच रस्त्यानं मावशी मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बंगळुरूला गेल्या. खर्च लाखांत. रानाचा तुकडा विकला.

(कॉलरबोनखालचा उंचवटा. डॉक्टरांच्या हातातलं यंत्र.)

छातीत कातडीखाली बॅटरी, तिथून बारीक तारा मेंदूत खोल, सबथॅलॅमिक न्यूक्लियस या हालचाल सांभाळणाऱ्या, जेमतेम वाटाण्याएवढ्या केंद्रापर्यंत. सेकंदाला साधारण 130 वेळा विजेचा अगदी हलका ठोका. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे अलीम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये कंपावर हा रस्ता धरला. स्पर्शाची वाट या ठिकाणाच्या अगदी शेजारून जाते. करंट तिकडे सांडला की हातापायाला मुंग्या येतात, आणि त्या कुठल्याच पडद्यावर दिसत नाहीत. रुग्णानं सांगायच्या.

आता इथं ऐका. डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, ‘जोमु?’ म्हणजे मुंग्या येतात का. मावशींचं कन्नड बाजारापुरतं, भाव करण्याइतकं. जड, बधिर, झिणझिण्या, मुंग्या, चमक, सगळं मराठीत. सून मध्ये बसून एकेक शब्द पलीकडे नेते. करंट किती ठेवायचा ते या शब्दांवर ठरतं. तरी सून आत असावी, हे आम्हाला मागून घ्यावं लागलं.

(बोट वर-खाली. पुन्हा तीच तपासणी.)

करंट चालू असताना वेदना कमी होते, हात कुठं आहे याचा अंदाज बऱ्याच रुग्णांत सुधारतो. अगदी पहिल्यासारखा नाही. वासाचं कोडं वेगळं. काही अभ्यासांत दोन वासांतला फरक ओळखणं सुधारलं, पण मंद वास लागणं होतं तिथंच राहिलं.

(ओसरी. संध्याकाळ. निवेदन इथं थांबतं.)

मावशी सुपातून चिमूट उचलतात. नाकाशी नेतात.

(आवाज फक्त कातरीचा.)