फुंकर मोजून घ्या

(ऐरोलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

दिघ्याच्या एक मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक्स-रेची चार पाकिटं होती. चारही एक्स-रे स्वच्छ. जिना चढताना धाप लागते आणि पहाटे खोकला येतो, एवढीच तक्रार. विडी नाही, मशेरी नाही. ‘वय झालं, दुसरं काय!’ असं म्हणत घरच्यांनी पाच वर्षं काढली होती. मावशी जव्हारकडच्या. दहाव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्या टेक्निशियन ताईंनी त्यांना ताठ बसवलं, नाकाला चिमटा लावला, पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला लावली. ‘मावशी, छाती भरून श्वास घ्या. आता जोरात फुंका! फुंका, फुंका, सोडू नका, अजून, अजून!’ पहिल्या दोन वेळा मावशींना हसू आलं आणि हवा गालातून निसटली. पण तीन चांगल्या फुंकरी मिळाल्याशिवाय ताई सोडत नाहीत. एकूण 2 लिटर हवा बाहेर आली, त्यातली पहिल्या सेकंदात फक्त 1.1 लिटर. म्हणजे 55 टक्के. पंपाचं, म्हणजे इनहेलरचं, औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, तरी आकडा जेमतेम हलला. औषधानंतरही हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली राहिलं आणि लक्षणं, धुराचा इतिहास जुळला, की आम्ही त्याला सीओपीडी म्हणतो, म्हणजे श्वास अडवणारा फुप्फुसांचा दीर्घकाळचा आजार. श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात, हवा आत अडकून राहते. एक्स-रे हा फोटो आहे. हवा किती वेगाने बाहेर पडते, ते फोटोत कसं दिसणार?

फुंकर मोजणारं हे यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. ते काही नवं नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने 1846 साली दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावून त्याची मोजमापं प्रसिद्ध केली. इतकं जुनं यंत्र, आणि आजही साखर-बीपी नेमाने तपासणारी माणसं फुंकर मोजायला येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं यंत्र श्वासात काय आहे ते बघतं. दम्यात श्वासनळ्यांना एक विशिष्ट प्रकारची सूज येते, तेव्हा उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड वाढतो. हे 1993 च्या सुमारास लक्षात आलं. इथे जोर लावायचा नाही. पडद्यावरच्या खुणेकडे बघत दहा सेकंद एकसारखी, संथ फुंकर सोडायची. अब्जात 25 भागांच्या खाली आकडा असेल तर मोठ्या माणसात ही सूज असण्याची शक्यता कमी, 50 च्या वर असेल तर बरीच, आणि मग स्टेरॉइडचा पंप लागू पडेल असा अंदाज बांधता येतो. पालक-बीट खाऊन आलात तर आकडा चढतो, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा उतरतो. म्हणून काय खाल्लं, काय ओढलं, ते खरं सांगा. आम्ही रागावणार नाही. आणि पंप नेमाने घेता की नाही, तेही हा आकडा सांगतो. पंपाची सवय लागते म्हणून तो कपाटात ठेवणारे इथेही असतील. सवय लागत नाही, सूज उतरते.

आता ‘इलेक्ट्रॉनिक नाक’. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1971 साली माणसाच्या श्वासात सुमारे 250 वायुरूप पदार्थ असल्याचं दाखवलं. पुढे ही यादी खूप वाढली. या पदार्थांचा ठसा ओळखायला संवेदकांचा (सेन्सरचा) संच शिकवायचा, अशी ही कल्पना. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेत श्वासावरून कोविड ओळखणाऱ्या एका यंत्राला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली होती. फुप्फुसाच्या कॅन्सरवरही जगभर काम चालू आहे आणि मला त्याची मनापासून उत्सुकता आहे. पण अडचण आपल्या दारातच आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे-महापेच्या कारखान्यांजवळ उभे राहिलात, तर जी हवा आत घ्याल तीच थोडीफार बाहेर येणार. मग यंत्राने हुंगलं ते तुमचं फुप्फुस की बाहेरची हवा? जेवण, औषधं, सिगारेट यांचाही ठसा त्यात मिसळतो. म्हणून ‘एका फुंकरीत कॅन्सर ओळखा’ अशी जाहिरात दिसली तर आज तरी पैसे देऊ नका. वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढली असेल तर कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना विचारा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासा. टीबीची शंका असताना जोराने फुंकायला लावत नाहीत, त्याने इतरांना लागण होऊ शकते. तपासणीच्या आधी पोटभर जेवू नका, कपडे सैल घाला, पंप शेवटचा कधी घेतला ते लिहून आणा. आणि मिळालेला कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षीची फुंकर त्याच्याशीच ताडून बघायची असते.