उलट वाहणारं रक्त : पक्षाघातात मेंदूला तगवणाऱ्या आडवाटा

[पडद्यावर : दोन रुग्णांची सीटी अँजिओग्राफी शेजारी शेजारी. दोन्हींत डाव्या बाजूची मोठी धमनी अर्ध्यात तुटल्यासारखी.]

दोन रुग्ण. दोघांच्याही मेंदूतली डावी मधली धमनी, डॉक्टरांच्या बोलीत एमसीए, मुळाशीच गुठळीनं बंद झाली आहे. दोघांचाही उजवा हात-पाय लुळा, वाचा बंद. पण एकाच्या मेंदूचा मोठा भाग दोन तासांत मरतो आणि दुसऱ्याचा बारा तासांनंतरही बराचसा जिवंत सापडतो. मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात हे वाक्य आपण ऐकलेलं असतं, पण ती सरासरी आहे. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं आणि ते किती वेगानं चालणार, हे मुख्यतः आडवाटांवर ठरतं. डॉक्टर त्यांना कोलॅटरल म्हणतात.

आधी आकडे पाहू. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात. हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, पण पेशी जिवंत असते. १० च्या खाली मात्र पेशीच्या भिंतीवरचे क्षारांचे पंप बंद पडतात, ती फुगते आणि मरते. या दोन आकड्यांच्या मधला गप्प, पण जिवंत पट्टा म्हणजे पेनम्ब्रा. सगळे उपचार याच पट्ट्यासाठी चालतात.

[पडद्यावर : मेंदूच्या तळाचं रेखाचित्र, धमन्यांचं कडं उजळतं.]

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिसनं १६६४ साली त्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथातली चित्रं पुढे लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल बांधणाऱ्या क्रिस्टोफर रेननं काढली होती. मानेतली कॅरोटिड धमनी बंद पडली, तर हे कडं दुसऱ्या बाजूचं रक्त इकडे वळवतं. डोळ्याच्या धमनीतूनही चेहऱ्याकडचं रक्त उलट आत शिरतं. मात्र निम्म्याहून अधिक लोकांत हे कडं कुठे ना कुठे अपुरं किंवा फार बारीक असतं. शिवाय आपल्या दोन रुग्णांना त्याचा उपयोगच नाही, कारण गुठळी कड्याच्या पुढे आहे.

त्यांना तगवतात त्या मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक वाहिन्या. पुढची आणि मागची धमनी जिथे संपते, तिथे त्यांची टोकं मधल्या धमनीच्या टोकांना जुळलेली असतात. एरवी दोन्हीकडचा दाब सारखा असल्यानं तिथून फारसं रक्त जात नाही. गुठळी बसली की एका बाजूचा दाब कोसळतो आणि काही सेकंदांत रक्त टोकाकडून मुळाकडे, उलटं वाहू लागतं. कालवा तोंडाशी बंद पडावा आणि शेजारच्या कालव्याचं पाणी टेलच्या शेतांतून वर चढत यावं, तसं.

ही सोय खोलवर पोचत नाही. एमसीएच्या खोडातून थेट आत जाणाऱ्या बारीक शाखांना पर्यायच नाही. म्हणून पृष्ठभाग शाबूत असतानाही मेंदूचा गाभा लवकर काळवंडतो.

या वाहिन्या कुणाला किती, हे बरंचसं जन्मतःच ठरतं. वय, जुनं बीपी आणि मधुमेह त्यांना विरळ करतात. धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली असेल, तर आडवाटा रुंदावायला वेळ मिळतो. हृदयातून अचानक सुटून आलेली गुठळी तो वेळ देत नाही.

[पडद्यावर : सीटी कक्ष. शिरेतून डाय, म्हणजे वाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून देतात ते द्रव्य, जाते.]

साध्या सीटीत रक्तस्राव नाही हे पाहून झालं की लगेच डाय देऊन अँजिओग्राफी. इथे एक फसगत ठरलेली. उलट वाटेनं येणारी डाय उशिरा पोचते. एकदाच, घाईनं टिपलेल्या चित्रात ती दिसत नाही आणि आडवाटा नाहीतच असं वाटतं. म्हणून साधारण आठ-आठ सेकंदांच्या अंतरानं आणखी दोन चित्रं घेतात आणि निरोगी बाजूशी ताडून पाहतात.

आता उपचार, आणि त्यातली सगळ्यात महागडी चूक. रुग्ण येतो तेव्हा बीपी २०० असतं. बघणारे घाबरतात आणि जिभेखाली बीपी झटकन उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडली जाते. तो वाढलेला दाबच आडवाटांतून रक्त ढकलत असतो. तो धाडकन उतरला की पेनम्ब्रा विझतो. गुठळी विरघळवणारं औषध किंवा थ्रॉम्बेक्टॉमी, म्हणजे गुठळी नळीवाटे ओढून काढणं, होणार नसेल आणि हृदय, मूत्रपिंड असं दुसरं तातडीचं कारण नसेल, तर २२०/१२० पर्यंतच्या दाबाला सहसा हात लावत नाहीत. गुठळीचं औषध द्यायचं असेल, तर मात्र आधी तो १८५/११० च्या खाली आणावा लागतो, तोही शिरेतून, मोजून-मापून. नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली.

गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. ६० किलोच्या माणसाला ५४ : त्यातलं ५.४ एका मिनिटात, उरलेलं ४८.६ तासाभरात. साडेचार तासांची मर्यादा. टेनेक्टेप्लेज असेल तर किलोमागे ०.२५, कमाल २५ मिलिग्रॅम, एकाच दमात. आडवाटा इथेही कामी येतात, कारण औषध गुठळीच्या पलीकडच्या टोकालाही पोचतं. सलाइन साधं लावायचं. साखर कमी नसेल, तर डेक्स्ट्रोज नको. वाढलेली साखर अर्धपोटी पेशींना आणखी मारते.

मोठी गुठळी औषधाला बहुधा दाद देत नाही. मग जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर नेऊन ती जाळीनं किंवा शोषून ओढून काढतात. भूल देताना दाब घसरतो, म्हणून बरेच संघ वरचा आकडा १४० च्या खाली जाऊ देत नाहीत. धमनी उघडल्यावरही दाब फार खाली रेटण्यात फायदा नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्या रुग्णांची अवस्था उलट वाईट झाली.

२०१८ च्या डॉन आणि डिफ्यूज ३ या चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी थ्रॉम्बेक्टॉमीची मुदत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत नेली. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या एमआर क्लीन-लेट चाचणीत ६ ते २४ तासांतले रुग्ण अँजिओग्राफीत आडवाटा दिसतात का, एवढ्यावर निवडले गेले आणि त्यांना फायदा झाला.

[पडद्यावर : रुग्णवाहिका. मॉनिटरवर बीपी.]

आडवाटाच वाढवू पाहणारे उपाय आजवरच्या मोठ्या चाचण्यांत ठामपणे सिद्ध झालेले नाहीत. शिवाय चांगल्या आडवाटाही कधी दगा देतील, सांगता येत नाही. संध्याकाळी सुधारलेला हात रात्री पुन्हा पडतो. म्हणून सुधारणा दिसली तरी, धमनी बंद असेल तर, रुग्णाला थ्रॉम्बेक्टॉमीच्या केंद्राकडे हलवणं थांबवायचं नाही. सोबत चार गोष्टी द्यायच्या : रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ, दिलेल्या औषधाचा डोस आणि वेळ, वाटेतल्या बीपीची नोंद आणि अँजिओग्राफीच्या तिन्ही चित्रांची सीडी. प्रवास लांबला असेल, तर पोचल्यावर सीटी पुन्हा.