रकान्यात न मावणारी पाच वर्षे

५ डिसेंबर २००९ या दिवशी पिट्सबर्गच्या हाइन्झ फील्ड मैदानावर सिनसिनाटी विद्यापीठाचा फुटबॉल संघ पिट्सबर्ग विद्यापीठाविरुद्ध पूर्वार्धात ३१–१० असा मागे पडला होता. बिग ईस्ट या विद्यापीठांच्या गटाचे विजेतेपद या एका सामन्यावर अवलंबून होते. उत्तरार्धात सिनसिनाटीने हळूहळू अंतर कापले. शेवटच्या दोन मिनिटांत पिट्सबर्गने पुन्हा आघाडी घेतली खरी, पण त्यानंतर जादा गुणासाठी लाथेने मारायचा चेंडू तो धरून ठेवणाऱ्याच्या हातात नीट बसला नाही आणि तो एक गुण हुकला. ३३ सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, टोनी पाइकने २९ यार्डांवरून फेकलेला चेंडू आर्मन बिन्सने गोलरेषेपलीकडे झेलला. सामना ४५–४४ असा संपला आणि सिनसिनाटीने नियमित हंगामातले बाराही सामने जिंकले. पाइक आणि बिन्स ही नावे त्या गावात अजून घेतली जातात. तो चेंडू हातातून सुटेपर्यंत पाइकच्या अंगावर कोणाला येऊ न देणारे पाच जण मात्र चित्रफितीत पाठमोरेच दिसतात. त्यांतला डावा गार्ड होता, पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये नाव कमावलेला जेसन केल्सी. आज त्याच्याविषयी, आणि विशेषतः त्याला कोणी ओळखत नव्हते त्या वर्षांविषयी, मला बोलायचे आहे.

आधी त्या पाच जणांचे काम समजून घेतले पाहिजे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी दोन्ही संघ समोरासमोर वाकून उभे राहतात. चेंडूवाल्या संघाच्या मधोमध सेंटर असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. ही पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन. सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि त्या क्षणापासून हे पाच जण समोरून चालून येणाऱ्यांना अडवतात. चेंडू घेऊन धावणारा असेल तर त्याच्यासाठी वाट काढतात आणि फेकणारा असेल तर त्याच्याभोवती आडोसा उभा करतात. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना मुभा नाही. पाठीवरचा क्रमांकही ५० ते ७९ यांच्या दरम्यानचा असतो, म्हणजे पंचांना दुरूनच कळावे की हा गडी झेल घेण्यास पात्र नाही.

या खेळात जवळजवळ प्रत्येक गोष्टीची मोजदाद होते. धावणाऱ्याचे यार्ड, फेकणाऱ्याचे अचूक फेक, झेलणाऱ्याचे झेल, बचाव करणाऱ्याने पाडलेले गडी, असे रकानेच्या रकाने भरतात. लाइनमनच्या नावापुढे मात्र किती सामने खेळला आणि त्यांतल्या कितींमध्ये पहिल्या अकरात होता, एवढेच लिहिलेले असते. त्याचा क्रमांक मैदानभर ऐकू येतो तो पंच ध्वनिक्षेपकावरून दंड जाहीर करतात तेव्हा. प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दल संघाला दहा यार्ड मागे जावे लागते आणि ते कोणामुळे, हे हजारो लोकांना ठणकावून सांगितले जाते. त्यामुळे एखाद्या लाइनमनची सुरुवातीची कारकीर्द सांगायला बसले की चरित्रकाराची पंचाईत होते. सांगायचे ते सगळे सरावाच्या मैदानावर आणि व्यायामशाळेत घडलेले असते, आणि तिथे गुणफलक नसतो.

जेसनचा जन्म नोव्हेंबर १९८७ मधला, आणि बालपण ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड हाइट्स या उपनगरातले. वडील पोलाद उद्योगात होते, आई बँकेत. आडनावाचा मूळ उच्चार ‘केल्स’. कामावरचे लोक ‘केल्सी’ म्हणत राहिले आणि ते दुरुस्त करण्याचा वडिलांना कंटाळा आला, म्हणून सगळे कुटुंबच केल्सी झाले, असे त्या घरातलीच माणसे हसत सांगतात. ज्याच्या नावाचा उच्चार कोणी धड करत नाही अशा माणसाने लाइनमन व्हावे, हे मला विलक्षण समर्पक वाटते. शाळेत तो आइस हॉकी आणि लक्रॉस खेळे, बँडमध्ये बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवी, आणि फुटबॉलच्या संघात रनिंग बॅक व लाइनबॅकर अशा दोन जागा सांभाळी. पहिल्या जागेवरचा खेळाडू चेंडू घेऊन धावतो, दुसऱ्या जागेवरचा धावणाऱ्याला गाठून पाडतो. ओळीत उभे राहून अडवण्याचे काम यांपैकी कुठेच नव्हते.

मोठ्या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. त्या काळी वरच्या श्रेणीतल्या प्रत्येक संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत. शिष्यवृत्तीची बोलावणी येतात ती शाळेतच नाव गाजलेल्या मुलांना, आणि त्यांच्या शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा खर्च विद्यापीठ उचलते. ज्यांना बोलावणे येत नाही त्यांच्यासाठी एक मागचे दार उघडे असते. स्वखर्चाने प्रवेश घ्यायचा आणि संघात स्वतः होऊन दाखल व्हायचे. अशांना वॉक-ऑन म्हणतात. सराव सारखाच, मार तितकाच, फक्त उद्या आला नाहीस तरी चालेल ही भावना सतत हवेत. २००६ मध्ये जेसन सिनसिनाटी विद्यापीठात गेला तो असा. पहिले वर्ष त्याने रेडशर्ट म्हणून काढले. ही संज्ञाही सांगून ठेवतो. त्या काळी विद्यार्थ्याला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत, तेव्हा एक वर्ष सामन्यांपासून दूर राहून केवळ सराव केला तर खेळण्याचा हक्क शिल्लक राही. इतर जागांवर हे वर्ष वाया गेल्यासारखे वाटू शकते. लाइनमनच्या बाबतीत ते जवळजवळ अपरिहार्यच असते, कारण अठरा वर्षांच्या मुलाचे शरीर बावीस वर्षांच्या, तीनशे पौंडांच्या माणसासमोर उभे करणे धोक्याचे असते.

२००६ च्या अखेरीस प्रशिक्षक बदलले. मार्क डँटोनियो मिशिगन स्टेटला गेले आणि ब्रायन केली आले. केलींचा संघ मैदानाच्या रुंदीभर पसरून झपाट्याने खेळे. त्या पद्धतीत फुलबॅकला, म्हणजे धावणाऱ्याच्या पुढे घुसून वाट करणाऱ्या दांडग्या खेळाडूला, फारशी जागा नव्हती. पायांत वेग असलेल्या लाइनमनला मात्र होती. जेसनला ओळीत हलवले गेले ते याच बदलाच्या काळात.

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीचे मूळ या स्थलांतरात आहे. धावणारा खेळाडू फट शोधतो, अंगाला अंग लागणार नाही अशी वाट धरतो. लाइनबॅकरची नजर चेंडूवर असते, तो दिसला की तिकडे झेपावायचे. लाइनमनची चेंडूकडे पाठ असते. चेंडू कुठे गेला हे त्याला समोरच्याच्या डोळ्यांवरून आणि वळण्यावरून कळते. फट त्याने शोधायची नसते, तयार करायची असते, आणि तिच्यातून जायचे असते दुसऱ्याने. फेकीच्या वेळी तर आणखी उफराटा प्रकार. समोरचा पूर्ण वेगाने पुढे येणार आणि याने मागे सरकत त्याला थोपवायचे. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सरळ, आणि दोन्ही तळहात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर. हात खांद्यांच्या बाहेर गेले की धरल्याचा दंड. पहिले पाऊल काही इंचांचेच, पण ते चुकले तर पुढचे काहीच सावरत नाही. जो खाली राहतो तो जिंकतो, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षक दिवसातून शंभर वेळा ऐकवतो, आणि शरीर दमले की पहिली सवय उभे राहण्याचीच असते.

यात वजन वाढवायचे. अनेकांना वाटते की यापेक्षा सोपे काय असेल, भरपूर खावे आणि भरावे! पण लाइनमनला हवे असते ते पाय मंद न करणारे वजन. न भूक लागता वेळेवर पाच-सहा जेवणे, शेजारी जड लोखंड, आणि रोज काट्यावर उभे राहणे, हे काम महिनोन् महिने चालते. जेसनला हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. व्यावसायिक सेंटर म्हणून तो कायम हलका गणला गेला.

पण मागच्या जागांवरून आल्याचा फायदाही होता. ओळीतले दोघे मिळून एका दांडग्या बचावपटूला रेटतात आणि मग त्यांतला एक सुटून मागच्या लाइनबॅकरवर जातो. कोणी आणि केव्हा सुटायचे, हे तो लाइनबॅकर कोणत्या बाजूला झुकतो यावर ठरते. स्वतः त्या जागेवर खेळलेल्या मुलाला समोरचा काय करणार याचा अंदाज अर्धा क्षण आधी येत असणार, असा माझा तर्क आहे. त्याच्या नंतरच्या खेळात दुसऱ्या फळीपर्यंत पोहोचण्याची जी ख्याती झाली, तिचे बीज मला इथे दिसते.

२००८ पासून तो डावा गार्ड म्हणून पहिल्या अकरात आला. त्या वर्षी संघाने बिग ईस्टचे विजेतेपद मिळवले, पण ऑरेंज बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात व्हर्जिनिया टेककडून २०–७ अशी हार झाली. घरचे सामने निपर्ट स्टेडियमवर होत. या मैदानाला नाव मिळाले ते जिमी निपर्ट या विद्यार्थ्याचे. १९२३ च्या हंगामातल्या शेवटच्या सामन्यात त्याला बुटाच्या खिळ्याने जखम झाली आणि महिन्याभरात रक्तात विष भिनून तो गेला. सामन्याआधी मैदानावर कोंबड्यांची शर्यत झाली होती आणि तिथल्या विष्ठेमुळे जखम चिघळली, असे सांगतात. साबण बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतले त्याचे आजोबा गॅम्बल यांच्या देणगीतून मैदानाचे बांधकाम पुरे झाले. विषय सोडून बोललो, पण त्या हिरवळीवर रोज नाक घासून सराव करणाऱ्या मुलांना ही गोष्ट ठाऊक असते.

२००९ च्या हंगामाचे शिखर मी आरंभीच सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच केली नोत्र दामला गेले आणि हंगामी प्रशिक्षक जेफ क्विन यांच्या हाताखाली खेळलेल्या संघाला शुगर बोल या तशाच मानाच्या सामन्यात फ्लोरिडाने ५१–२४ असे लोळवले.

२०१० मध्ये बुच जोन्स आले आणि जेसन शेवटच्या हंगामासाठी सेंटर झाला. गार्डपासून सेंटरपर्यंत अंतर एका पावलाचे, जबाबदारी मात्र निराळीच. पाच यार्ड मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या हातात न पाहता चेंडू पोहोचवायचा आणि तोच हात परत येण्याआधी अंगावर आलेल्याला एका हाताने झेलायचे. त्याआधी समोरची मांडणी वाचून, कोण कोणाला अडवणार हे चौघांना ओरडून सांगायचे. मागच्या वर्षी नियमित हंगामात बाराही सामने जिंकलेला संघ या वर्षी चार जिंकून आठ हरला. घरातही अडचण होतीच. संघातच असलेला धाकटा भाऊ ट्रॅव्हिस मादक द्रव्य चाचणीत दोषी ठरून त्या हंगामापुरता निलंबित झाला होता. त्या काळात तो थोरल्या भावाकडे राहिला, आणि त्याला परत घ्यावे म्हणून जेसनने प्रशिक्षकांकडे रदबदली केली. ट्रॅव्हिसने पुढे हे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. आज ट्रॅव्हिसचे नाव फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही माहीत आहे, कारणे वेगळी असली तरी.

व्यावसायिक संघ दर वर्षी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात. २०११ च्या आरंभी त्या निवडीपूर्वीच्या चाचण्यांत जेसनने ४० यार्ड ४.८९ सेकंदांत पार केले. त्या वर्षीच्या सगळ्या ऑफेन्सिव्ह लाइनमनमध्ये हा वेग सर्वाधिक होता. वजन भरले २८० पौंड, आणि बहुतेक संघांनी वेगापेक्षा वजनाचा आकडा पाहिला. फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्या वर्षी पहिल्या फेरीत गार्ड घेतला तो डॅनी वॉटकिन्स, जेसनची पाळी आली सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर. दोनच वर्षांनी वॉटकिन्स त्या संघात उरला नव्हता. यात वॉटकिन्सला हिणवण्याचा हेतू नाही. लाइनमन पारखायला मोजपट्टी किती अपुरी पडते, एवढेच यातून दिसते. ईगल्सकडे त्या वर्षी निवृत्तीतून परतलेले हॉवर्ड मड ओळीचे प्रशिक्षक होते आणि त्यांना आकाराने लहान पण चपळ माणसे आवडत. जेसनला नेमका असा गुरू मिळाला, हा योगायोगच म्हणायचा.

त्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडू यांच्या वादामुळे जुलैपर्यंत टाळेबंदी होती, त्यामुळे नवख्यांना वसंतातला सराव मिळालाच नाही. तरीही सराव शिबिरात जुन्याजाणत्या जमाल जॅक्सनची जागा जेसनने घेतली. ११ सप्टेंबर २०११ रोजी सेंट लुइसमध्ये क्वार्टरबॅक मायकल व्हिकच्या हातात चेंडू देणारा सेंटर तोच होता. ईगल्सने तो सामना ३१–१३ असा जिंकला. त्या हंगामात संघ आठ विजय आणि आठ पराभवांवर अडकला, पण धावपटू लशॉन मॅकॉयने १,३०९ यार्ड धावून एकूण २० टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे नेला. हे आकडे मॅकॉयच्या नावावर आहेत. त्याच पानावर थोडे खाली जेसन केल्सीच्या नावापुढे दोनच नोंदी आढळतात, सामने १६ आणि पहिल्या अकरात १६.