गिरणीवाल्याच्या पोराचं आभाळ

इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं ईस्ट बर्गहोल्ट गाव. गावाबाहेरच्या माळावर एक लाकडी पवनचक्की उभी होती. १७९२ साली एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं चाकू घेऊन तिच्याच लाकडावर तिचं चित्र कोरलं आणि शेजारी नाव घातलं, जॉन कॉन्स्टेबल. हाच पुढे इंग्लंडचा नामवंत निसर्गचित्रकार झाला. तो लाकडाचा तुकडा आजही जपून ठेवलेला आहे.

चक्की वडिलांची होती. गोल्डिंग कॉन्स्टेबल म्हणजे धान्याचे मोठे व्यापारी. स्टाउर नदीवरची फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांची, पीठ वाहून नेणारे पडाव त्यांचे, पडाव बांधायची गोदीसुद्धा त्यांचीच. थोरल्या मुलाला हा पसारा झेपणारा नव्हता, म्हणून सगळी भिस्त जॉनवर. शाळा सुटल्यावर जॉन काही वर्षं या धंद्यात राबला. चित्रकलेचं वेड वडिलांना पसंत नव्हतं.

पण चक्कीवर काम करणाऱ्याला आभाळ वाचावंच लागतं. वारा कुठून येतोय? वाढेल की पडेल? तो काळा ढग अंगावर येणार की बाजूनं जाणार? पात्यांवरचं कापड वेळेत गुंडाळलं नाही किंवा वादळानं चक्कीला पाठीमागून गाठलं, तर पाती मोडतात, कधी अख्खी चक्कीच आडवी होते. इतर चित्रकारांनी आभाळ हौसेनं पाहिलं असेल. या पोरानं ते आधी पोटापाण्यासाठी पाहिलं. माझ्या मते त्याची पहिली चित्रशाळा हीच.

१७९९ मध्ये वडिलांनी अखेर होकार दिला, खर्चालाही पैसे दिले, आणि जॉन लंडनला रॉयल अकादमीत, चित्रकला शिकायला गेला. तरी उन्हाळ्यात पाय गावाकडेच वळायचे. १८१३ आणि १८१४ मधल्या त्याच्या खिशात मावतील एवढ्या स्केचवह्या पाहा. नांगरट, नदी, पडाव. वडिलांच्या गोदीत पडाव बांधणारी माणसं आधी या वहीत उतरली, मग मोठ्या चित्रात.

१८१६ मध्ये वडील गेले. त्यानंतर पाच वर्षांनी जॉननं एका मित्राला पत्र लिहिलं. चक्कीच्या बांधावरून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज, वाळुंजाची झाडं, जुन्या कुजक्या फळ्या, बुळबुळीत खांब, विटांचं बांधकाम, हे सगळं मला फार आवडतं, यांनीच मला चित्रकार केलं, असं त्यात आहे.

पुढच्या वर्षी, ५ सप्टेंबर १८२२ ला, त्यानं ढगांचं एक अभ्यासचित्र रंगवलं. त्याबरोबरची नोंद अशी : सकाळचे दहा, नजर आग्नेयेला, वारा पश्चिमेचा, जोराचा. चक्कीवरचा जाणता माणूस असंच तर सांगतो.

वडिलांचा धंदा पुढे जॉनच्या धाकट्या भावानं, अब्रामनं सांभाळला. तो म्हणायचा, जॉननं काढलेली चक्की पाहिली की मला कळतं, ही फिरणार. दुसऱ्या चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल दर वेळी तसं म्हणता येत नाही.